बाहुल्या माझ्या, नाव तिचं

भाद्रपद लागला की आमच्या खात्याची बाहेरची कामं थंडावतात. मी मोजणीवाला आहे. शेताच्या हद्दी कायम करणं, बांधावरच्या भांडणात दगड कुठं रोवायचा ते सांगणं, हे माझं काम. पण उभ्या पिकात कुणी यंत्र लावू देत नाही, आणि लावूही नये. सोयाबीन मांडीला लागलेलं असतं, शेंगा भरत आलेल्या असतात, मधल्या ओळीतल्या तुरी मान वर काढून उभ्या असतात, आणि काळी माती एकदा बुटाला धरली की सोडत नाही. म्हणून या दिवसांत आम्ही सगळे धाराशिवच्या कार्यालयात बसून जुने नकाशे उलगडतो, चहा पितो आणि उजेड असताना घरी जातो. माझ्यासारख्या माणसाला हे फार वाईट. कारण कार्यालय आणि घर यांच्या मधे बाजार आहे, आणि बाजारात महालक्ष्म्यांचं सामान आलेलं असतं.

मुखवटे, ते बसवायच्या पत्र्याच्या कोठ्या, झालरी, कागदी फुलांच्या माळा, केवड्याची कणसं, आणि या सगळ्यावर ओल्या ताडपत्रीचा वास. आमच्याकडं गौरींना गौरी कुणी म्हणत नाही, महालक्ष्म्या म्हणतात. दोघी बहिणी भरजरी साड्या नेसून, शेजारी आपली लेकरं घेऊन तीन दिवस घरात उभ्या राहतात. त्यांच्यापुढं घरात बघण्यासारखं जे काही असेल ते मांडायची रीत आहे. कुणी लाकडी बैल मांडतं, कुणी चिनीमातीचे ससे, कुणी पोरांच्या चाक निघालेल्या मोटारी. आमच्याकडं बाहुल्या मांडतात. आमची आरास बघायला दुसऱ्या कॉलनीतल्या बायका येतात. सगळ्या जणी म्हणतात, सुलभाबाईंना बाहुल्यांचा केवढा नाद.

सुलभा माझी बायको. आणि बाहुल्या माझ्या आहेत. हे एवढं साधं वाक्य लिहायला मी दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

पन्नाशी उलटलेला, मिशा राखणारा, बांधावर जमलेल्या माणसांना ‘मागं सरका, मागं सरका’ म्हणून दटावणारा मी बाहुल्या गोळा करतो. का, ते नीट सांगता येत नाही. एवढं कळतं, की दिवसभर मी रागावलेली तोंडं बघतो. मोजणीला दोन्हीकडची माणसं येतात. भाऊ भावाकडं बघत नाही, दोघंही माझ्याकडं बघतात, मी कुणाच्या बाजूचा आहे ते माझ्या तोंडावर शोधत राहतात. संध्याकाळपर्यंत माझं तोंड आवळून आवळून दुखायला लागतं. बाहुली कुणाच्याच बाजूची नसते. तिच्यासमोर बसलं की माझा जबडा सैल पडतो.

पहिली मी नळदुर्गच्या बाजारात घेतली. तांड्यावरची एक बाई आरसे लावलेल्या कापडी बाहुल्या घेऊन झाडाखाली बसली होती. एका बाहुलीचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा वर शिवलेला होता, त्यामुळं ती कसल्या तरी गोष्टीचं नवल करत असल्यासारखी दिसायची. बाई म्हणाली, “लेकीसाठी पाहिजे का, साहेब?” मी ‘हो’ म्हणालो. मला मुलगी नाही. एक मुलगा आहे, तो तेव्हा पतंगाच्या वयाचा होता, आता पुण्याला शिकतो. म्हणजे या नादाची सुरुवातच खोटं बोलून झाली. पुढं जे झालं ते त्याच रस्त्यानं गेलं.

मग नियम आले. नियम करणं हा तर माझा पिंडच. हद्द आखून दिली की माणसं नीट वागतात, असं मी पोटासाठी का होईना, पण रोज सांगत आलो. पहिला नियम कपाटाचा होता. हॉलमध्ये काचेचं एक कपाट आहे, त्यात मावतील तेवढ्याच बाहुल्या. सुलभानं आपल्या लग्नातल्या कप-बशा काढून माळ्यावर टाकल्या आणि मला वरचे दोन कप्पे दिले. तेवढ्यात मावेना म्हणून मागं-पुढं दोन ओळी केल्या. मग मागच्या ओळीखाली पुस्तकं लावून तिला उंच केलं. मग खालचे कप्पे गेले. मग लहान बाहुल्या मोठ्यांच्या मांडीवर बसल्या, दिसायलाही बरं दिसलं. पुढं प्रश्न असा आला, की कपाटाच्या डोक्यावर जे ठेवलंय ते कपाटात धरायचं की कपाटाबाहेर? लोकांच्या वादात मी असल्या प्रश्नाचा निकाल चटकन देतो. स्वतःच्या वादात मी स्वतःच्याच बाजूनं निकाल दिला.

दुसरा नियम होता हातांचा. दुकानात बाहुली हातात घ्यायची नाही. एकदा हातात आली, तिचं वजन तळव्याला कळलं, की मग ती खाली ठेवता येत नाही, हे मला अनुभवानं माहीत झालं होतं. म्हणून मी हात पाठीमागं बांधून बाजारातून फिरायचो. खेळण्यांच्या गाड्यापुढं थांबायचो, वाकून, डोळे बारीक करून एकेक बाहुली निरखायचो. असं दोन-तीनदा झाल्यावर एका गाडीवाल्यानं घाबरून विचारलं, “साहेब, तपासणीला आलाव का? आपलं समदं रीतसर हाय बघा.” त्याची समजूत घालायची म्हणून एक बाहुली घ्यावी लागली.

सुलभाला विचारल्याशिवाय घ्यायची नाही, असाही एक नियम होता. हा सगळ्यात चांगला नियम होता, कारण ती ‘नाही’ म्हणाली असती. म्हणून मी तिला फोन अशा ठिकाणाहून लावायचो जिथं रेंज नसते. बालाघाटाच्या डोंगरातल्या वळणांवर कुठं फोन लागतो आणि कुठं लागत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. लागला नाही, म्हणजे आपण विचारलं होतं, एवढं समाधान घेऊन मी पुढच्या गावच्या बाजारात शिरायचो. ती शाळेत फळ्यापाशी उभी असणार, तिचा फोन पिशवीत असणार, हे मला माहीत असायचं. तरी मोटारसायकल लावून, हेल्मेट काढून, फोन कानाला धरून मी रीतसर उभा राहायचो. इतकं नाटक मी कुणासाठी करत होतो, देव जाणे.

देवावरून आठवलं. माझं गाव अणदूर. आमचा खंडोबा वर्षातला काही काळ अणदूरला असतो आणि काही काळ नळदुर्गला. मूर्ती एकच, देवळं दोन. देव निघायचा दिवस मला लहानपणापासून आठवतो. भंडाऱ्यानं पिवळे झालेले रस्ते, चिकटलेले केस, गर्दीत हरवू नये म्हणून आईनं दंडाला धरलेलं. आणि दुसऱ्या दिवशीचं ते शांत गाव. त्यावरून मी एक नियम काढला. एक बाहुली आपल्याकडं आली की जुनी एक दुसऱ्याच्या घरी वस्तीला पाठवायची. सुलभाचं माहेर भूम तालुक्यातलं ईट. तिथं तिच्या भावाची लेक आहे, पिंकी. तिला मी मान डोलावणारी बाहुली नेऊन दिली. पोरगी इतकी हरखली, की जेवताना बाहुलीचंही ताट मांडलं. महिना गेला आणि मला चैन पडेना. कपाटातली ती मोकळी जागा येता-जाता दिसायची. शेवटी कामाचं निमित्त काढून ईटला गेलो, बाहुली हातात घेतली आणि म्हणालो, “हिची मान सैल झाली गं, दुरुस्त करून आणतो.” मान सैल झाली नव्हती, ती डोलण्यासाठीच केलेली असते. पिंकी अजून फोनवर विचारते, “मामा, झाली का दुरुस्त?” देव निघून जातो तेव्हा माझं गाव रिकामं देऊळ सांभाळतं, रोज झाडतं, दिवा लावतं. मला एक रिकामा कप्पा सांभाळता आला नाही. ती बाहुली अजून माझ्याकडंच आहे.

शेवटी जो नियम केला, तो मला फार शहाणपणाचा वाटला होता. वर्षभर काही घ्यायचं नाही. फक्त महालक्ष्म्यांच्या वेळी, आरासीसाठी म्हणून, एक. या नियमानं माझं मन एकदम हलकं झालं. नाद राहिला नाही, रीत झाली. जे घ्यायचं ते देवीसाठी, मांडायचं ते देवीपुढं, आणि उरलेलं वर्ष ते सांभाळायचं तेही देवीचं म्हणून. कॉलनीत नवीन राहायला आलो त्या वर्षी समोरच्या घरातल्या काकू हळदीकुंकवाला आल्या होत्या. पदर खोचून कमरेवर हात ठेवून आरास बघत त्यांनी विचारलं, “आगं, येवढ्या बाहुल्या! कुणाला नाद हाय एवढा?” मी दारात उभा होतो. माझं तोंड कसं झालं असेल कुणास ठाऊक. सुलभानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “मलाच.”

तेव्हा मला किती बरं वाटलं होतं, ते आता आठवलं तरी कानशिलं गरम होतात. त्या एका शब्दावर मी इतकी वर्षं काढली. लोकांना कळलं म्हटल्यावर लोक तिला बाहुल्या देऊ लागले. संक्रांतीच्या वाणात बाहुली. तिच्या बहिणीनं तिरुपतीहून आणली, जावेनं मैसूरहून. कुणी कुठं गेलं की परत येताना म्हणायचं, सुलभाला एक बाहुली घेऊ. ती प्रत्येक बाहुलीचं कौतुक करायची, कुठून आणली ते विचारायची, आणि पाहुणे गेले की बाहुली उचलून माझ्या खुर्चीच्या हातावर ठेवायची. यातली एकही मी विकत घेतलेली नव्हती, म्हणजे नियम मोडलेला नव्हता. मी खूश होतो.

गल्लीत आणखी एका माणसाला खरं माहीत होतं. शमीमभाभी. कोपऱ्यावरच्या घरात त्या शिवणकाम करतात. महालक्ष्म्यांच्या आधी मी एकेक बाहुली वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्याकडं न्यायचो, कुणाला परकर, कुणाला चोळी, कुणाचा फाटलेला काठ. ब्लाउजांच्या ढिगातून डोकं वर काढून त्या म्हणायच्या, “आना भाऊ, आना. तुमच्या पोरींचं काम मी आदी करते.” त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. मीही कधी ‘सांगू नका’ असं म्हणालो नव्हतो. न बोलता ठरलेलं होतं.

मला जो भाद्रपद आठवतो आहे तो गेल्या वर्षीचा. पाऊस तेव्हा थांबून थांबून येत होता. सकाळी ऊन, दुपारी अंधारून यायचं, संध्याकाळी पुन्हा पिवळं ऊन आणि भिंतींना ओल. बाहुल्यांच्या कपड्यांना कुबट वास येऊ नये म्हणून मी कपाटात डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या. सुलभा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिच्या बदलीचा आदेश त्याच दिवसांत आला, आणि जिथं तिची कितीतरी वर्षं गेली त्या खेड्यातल्या शाळेनं तिला निरोप दिला. गावातल्या बायकांनी मिळून भेट आणली होती. ती घेऊन ती एस.टी.नं घरी आली. भेट मांडीवर घेऊन बसावं लागलं, एवढी मोठी होती. गुलाबी झग्यातली, आडवी केली की डोळे मिटणारी बाहुली, वर करकर वाजणारा पारदर्शक कागद.

“कंडक्टर म्हणाला, हिचं अर्धं तिकीट काढता का, बाई,” असं सांगून सुलभा हसली. मग तिनं बाहुली माझ्यापुढं ठेवली. “घ्या. तुमची.”

मी काय केलं असेल? मी कागद काढला, बाहुलीला आडवं केलं, उभं केलं. एक पापणी जराशी मागं राहत होती, ती बघितली. कपाटात ही उभी मावणार नाही, बसवावी लागेल, असा विचार केला. एवढं सगळं झाल्यावर माझं लक्ष सुलभाकडं गेलं. ती पलंगाच्या कडेला बसून चपलेचा बंद सोडत होती आणि तो तिला सुटत नव्हता.

“तुला बाहुली कशी काय दिली त्यांनी?” मी विचारलं. खरंच विचारलं. इतका मी बिनडोक.

“मला बाहुल्या आवडतात म्हणून,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “त्या बायकांनी पोरांना विचारलं, पोरांनी दुसऱ्या मॅडमना विचारलं. सगळ्यांनी हेच सांगितलं.” मग चप्पल काढून ती आत गेली आणि भांडी घासू लागली. नळाचं पाणी बराच वेळ वाहत होतं. तिच्या इतक्या वर्षांच्या नोकरीची आठवण म्हणून घरात जी एक वस्तू आली, तीसुद्धा मीच खाल्ली होती. हे मला तेव्हा कळलं, आणि कळल्यावर मी ती बाहुली कपाटात ठेवायच्या ऐवजी कपाटाच्या मागं ठेवली. जणू तेवढ्यानं काही भरून निघणार होतं.

महालक्ष्म्या आल्या. दारापासून देवघरापर्यंत सुलभानं कुंकवाची पावलं काढली. दुसऱ्या दिवशी पुरणाचा वास, आंबिलीचा आंबूस वास, सोळा भाज्यांची ती एकत्र भाजी, केळीच्या पानावरून ओघळणारी कढी. हे सगळं मला दरवर्षी आवडतं, त्या वर्षी वाढलेलं पान मी कसंबसं संपवलं. आरास मीच मांडली होती, नेहमीसारखी, पहाटे, कुणी यायच्या आत. पायऱ्या केल्या, त्यांवर पांढरं कापड, मग उंचीप्रमाणं बाहुल्या. प्रत्येकीचा पदर मी बोटानं नीट केला. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका येऊ लागल्या तसा मी आत गेलो. पुरुषमाणसाचं तिथं काम नसतं, ही सोय मला दरवर्षी उपयोगी पडते. आत बसून मी प्रसादाचं खोबरं चिरत होतो. मधे फक्त पडदा होता.

कौतुक झालं. गुलाबी झग्यातली कुणीतरी कपाटामागून शोधून काढली आणि तीही मधे मांडली गेली. मग समोरच्या काकूंचा आवाज आला. काकू मनानं चांगल्या. पण बोलायला लागल्या की मधे थांबत नाहीत. “सुलभा, राग नगं मानू, मी आईच्या जागी हाय म्हणून सांगते. पोरगं बाहेर शिकायला हाय. ह्या बाहुल्यांत किती पैसा घालशील गं? त्यो गरीब नवरा बिचारा काय बोलत न्हाय म्हणून काय झालं?”

मग सुलभा म्हणाली, “हो काकू. चुकतंच माझं.”

विळीवर माझा हात थांबला. गरीब नवरा बिचारा म्हणजे मी. आत बसून खोबरं चिरणारा मी. त्या दोन वाक्यांतलं मला कुठलं जास्त लागलं, ते सांगता येत नाही, पण मी उठलो. हातात खोबऱ्याचं ताट तसंच होतं. पडदा सरकवून बाहेर आलो. बायकांनी पदर सावरले.

“काकू,” मी म्हणालो, “या बाहुल्या माझ्या आहेत. नाद माझा आहे. हिचा नाही.”

मग सगळ्या हसल्या. चांगल्या, मनमोकळ्या हसल्या. एक जण म्हणाली, “बघा गं, बायकोवरचं अंगावर घेतात. नाहीतर आमचे!” दुसरी म्हणाली, “साहेब, तुमच्यासारखा नवरा मिळायला पुण्य लागतं.” काकूंनी तर डोळ्याला पदर लावला. मी खरं बोललो होतो, आणि त्यातून माझंच नाव मोठं झालं होतं. सुलभाच्या वाट्याला आणखी थोडा दोष आला. एवढ्या चांगल्या माणसाला ही बाई असं करायला लावते! मी ताट हातात घेऊन तिथंच उभा.

भिंतीपाशी शमीमभाभी बसल्या होत्या. दरवर्षी त्या आरास बघायला येतात, प्रसादाची पुरणपोळी पदरात बांधून नेतात. त्या एकदम म्हणाल्या, “हसताव काय? खरं हाय ते. मापं भाऊच आनतेत माझ्याकडं. भाभी येक दिवस आल्या न्हाईत. ह्या समद्या पोरी भाऊच्या.”

हसणं थांबलं. आता बायका माझ्याकडं निराळ्या नजरेनं बघत होत्या. मी म्हणालो होतो ना, बांधावर दोन्हीकडची माणसं माझ्या तोंडाकडं बघतात. इथं सगळ्या एकाच बाजूला होत्या. मला वाटलं, आता बोलणी बसतील, बसू देत. लाज वाटत होती, पण आतून सुटल्यासारखंही वाटत होतं. तेवढ्यात काकूंनी विचारलं, अगदी सहज, उत्सुकतेनं विचारलं, “आगंबाई! मग सुलभाला कशाचा नाद हाय?”

सुलभा त्या वेळी एका मुलीला कुंकू लावत होती. बोट तसंच धरून तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. ती पण ऐकायला थांबली होती.

मला उत्तर आलं नाही. मी डोकं खाजवलं नाही की ‘अहो, पुष्कळ आहेत’ असं काही म्हणालोही नाही. तिच्या हातानं भाजीत मीठ किती पडतं, ती झोपताना कुठल्या कुशीला वळते, पोरांच्या वह्या तपासताना ती कशी पुटपुटते, हे सगळं डोळ्यापुढं आलं. पण तिला काय आवडतं, स्वतःपुरतं, कुणासाठी म्हणून नाही, हे माझ्याकडं नव्हतं. आणि समोर त्या पायऱ्यांवर बसलेल्या प्रत्येक बाहुलीचं मी कुणी विचारलं असतं तर गाव, बाजार, झाड, त्या दिवशीची हवा, सगळं सांगितलं असतं.

“मला काय, पोरं शिकवायचा नाद,” सुलभा म्हणाली आणि हसली. सगळ्या हसल्या. कुंकू लागलं, ओटी भरली गेली, विषय पुढं सरकला. तिनं मला पुन्हा वाचवलं होतं, तसंच, एका वाक्यात.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठवल्या. त्यांच्या साड्या घड्या करताना घर फार मोठं आणि उदास वाटतं. साडीचं एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. मी तेव्हा तिला विचारलं, “तुला काय आवडतं गं?” ती थांबली. साडीची घडी छातीशी धरून तिनं खिडकीकडं बघितलं. मग म्हणाली, “आठवावं लागंल.” आणि दुसरी साडी उचलली.

यानंतर मी काहीतरी चांगलं वागलो असेन, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. मी नवा नियम केला, तिला आठवेपर्यंत एकही बाहुली नाही. तो मी पुष्कळ दिवस पाळला. यंदाच्या श्रावणात मोडला. मातीची, गालावर रंग उडालेली एक लहानशी आहे, ती मी कार्यालयात, नकाशांच्या कपाटात ठेवली आहे. पण खरी गोष्ट ती नाही. खरी गोष्ट अशी, की या वर्षभरात मी सुलभाला परत विचारलं नाही. विचारायची वेळ शंभरदा आली. चहा घेताना आली, गाडीवर मागं बसलेली असताना आली. प्रत्येक वेळी मी दुसरंच काहीतरी बोललो. मला भीती वाटत होती. तिला आठवलं असेल, आणि त्याला घरात जागा लागेल. शिवणयंत्र म्हणेल, पेटी म्हणेल, झाडांच्या कुंड्या म्हणेल. मग काचेचं कपाट हलवावं लागेल. बायकोच्या आवडीचं मला भय वाटावं, इतका मी खाली गेलो होतो.

आता पुन्हा भाद्रपद आहे. आज रविवार. बाहेर मघाशी सर पडून गेली, रस्त्यावरून आघाडा-दुर्वा विकणारी हाळी देत गेली. सुलभा स्वयंपाकघरात खाली बसून वालाच्या शेंगा निवडत होती. मी हे एवढं लिहून उठलो, तिच्यासमोर जाऊन बसलो आणि विचारलं. कुठल्या गोष्टीबद्दल विचारतोय, हे तिला सांगावं लागलं नाही.

“पोहायला,” ती म्हणाली. “ईटला मळ्यात विहीर होती. थोरल्या काकांनी शिकवलं, पाठीला वाळका भोपळा बांधून. नंतर भोपळ्याची गरज राहिली नाही. वरच्या काठावरनं सूर मारायचे मी. खाली गेलं की कानात गच्च व्हायचं, काही ऐकू यायचं नाही, आणि वर बघितलं की उजेड हिरवा दिसायचा. मग मोठी झाले तसं आईनं बंद केलं.” बोलताना तिचा चेहरा मी पूर्वी कधी न पाहिलेला असा झाला होता. शेंग हातात तशीच होती.

पोहायला. त्याला कपाट लागत नव्हतं. भिंत लागत नव्हती, कोपरासुद्धा लागत नव्हता.

“कधी आठवलं तुला हे?” मी विचारलं.

“गेल्याच वर्षी. तुम्ही विचारलंत ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी,” ती म्हणाली. “तुम्ही परत विचाराल म्हणून थांबले होते.”

मग तिनं ती शेंग सोलली आणि दुसरी घेतली.